मांजराचं मांजर बघून घेतं

माझी आत्या आणि मी, दोघी मांजरवेड्या. पण मांजर सांभाळावं कसं, यावर आमचं आजवर कधी जमलेलं नाही. ती गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. तिची मांजरं पडवीत निजतात, आगरात हिंडतात, माडावर चढतात. मी ठाण्यात प्राण्यांची डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मांजरं सहाव्या नाहीतर बाराव्या मजल्यावरची, मातीला कधी पाय न लागलेली. या उन्हाळ्यात घराचं छप्पर उतरवायचं होतं म्हणून आत्या माझ्याकडे मुक्कामाला आली आणि येताना चौदा वर्षांच्या चिंगीला घेऊन आली. माझ्याकडे भोपळ्या नावाचा तरुण बोका आहेच. त्याची नखं कापायला मी कात्री बाहेर काढली आणि वादाला तोंड फुटलं. तो पुढे मुक्कामभर चालला. त्यातलं महत्त्वाचं इथे मांडते आहे, कारण आत्याचं म्हणणं मला मोडीत काढता येत नाही आणि माझं मला सोडवत नाही.

आत्या : वाघाची नखं कोण कापतं गो? मांजराचं मांजर बघून घेतं. चाटतं, कुरतडतं, खांबावर घासतं. आम्ही कधी हात लावला नाही.

मी : तुझ्या मांजरांना ती गरज नव्हतीच, आत्या. मांजराचं नख थराथरानं वाढतं. वरचा थर जुना झाला की शेंगेच्या टरफलासारखा सुटून येतो आणि खाली नवं, टोकदार नख तयार असतं. खांब ओरबाडताना पुढच्या पायांची टरफलं निघतात, मागच्या पायांची ते दातांनी ओढून काढतं.

आत्या : मग झालं तर. खांब आहे, दात आहेत. तुझी कात्री कशाला?

मी : खांब आहे कुठे? भोपळ्या दिवसाचा बराच वेळ झोपतो. उठला की फरशीवरून गादीवर आणि गादीवरून खिडकीत. ना झाड, ना दगड, ना पळणारा उंदीर. नखं झिजायला काही कारणच नाही. मग ती चादरीत अडकतात, पडद्यात अडकतात. अडकलेलं नख सोडवायला मांजर झटका मारतं आणि नख मुळाशी फाटतं. अशी रक्ताळलेली बोटं मी नेहमी बघते.

आत्या : म्हणजे आधी झाड काढून घ्यायचं आणि मग नख काढून घ्यायचं. आणि खरं सांग, लोक तुझ्याकडे येतात ते मांजरासाठी की सोफ्यासाठी?

सोफ्यासाठी. हे मान्य करायलाच हवं. दवाखान्यात येणाऱ्या पुष्कळांचं पहिलं वाक्य सोफ्याबद्दल असतं, आणि मला त्याचा राग येत नाही. कर्ज काढून घेतलेल्या घरात हप्त्यांवर आणलेला सोफा फाटला की माणूस कळवळणारच. पण त्याच आठवड्यात एका गृहस्थांनी फोनवर विचारलं, की नखं कायमचीच काढून टाकण्याचं ऑपरेशन असतं म्हणे, तर ते करून द्याल का? आत्या समोरच बसली होती.

आत्या : असं ऑपरेशन असतं?

मी : असतं. पण नाव नखाचं आणि कापतात हाड. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं. ते पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर ते हाडच काढावं लागतं. पुढच्या दोन पायांची दहाही बोटं शेवटच्या पेरापाशी छाटायची. आणि मांजर चालतं बोटांवर. ज्याच्यावर ते अंगाचा भार टाकतं तेच छाटायचं.

आत्या : मग ते चालतं कसं?

मी : चालतं. पण कित्येकांना नंतर शीच्या ट्रेमधल्या वाळूत पाय घातला की दुखतं, म्हणून ती ट्रे सोडून घराच्या कोपऱ्यात घाण करू लागतात. अंगावर कोणी आलं तर दाखवायला नख नाही, मग सरळ चावतात. पाठ दुखते. सोफा वाचवायला गेलेल्या माणसाच्या गळ्यात याहून मोठी दुखणी पडतात. अमेरिकेत हे वर्षानुवर्षं सर्रास चालत आलं. तिथे २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सर्वांत आधी बंदी घातली, मग २०२२ मध्ये मेरीलँडने. इस्रायलने त्याच्याही आधी, २०११ मध्ये. इंग्लंडमध्ये ते बेकायदा आहे. आपल्या १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातही प्राण्याचे अवयव छाटून त्याला पंगू करणं गुन्ह्यात मोडतं. मी त्या गृहस्थांना नाही म्हटलं.

आत्या : नुसतं नाही म्हणून काय होतंय? त्यांचा सोफा तसाच फाटणार. त्यांना खांब दे म्हणावं.

आणि इथून पुढे आत्या बोलत गेली, मी ऐकत गेले. माझ्या घरातला दुकानातून आणलेला खांब तिने हाताने हलवून पाहिला. तो गुडघाभर उंच होता आणि डुगडुगत होता. तिचं म्हणणं असं, की तिच्या पडवीचा मधला खांब तीन पिढ्यांच्या मांजरांनी ओरबाडलाय, ते काय उगीच? तो हलत नाही. मांजर मागच्या पायांवर पूर्ण उभं राहून, हात वर ताणून ओरबाडतं, तेव्हा त्याची पाठ मोकळी होते. तो निजायच्या जागेजवळ आहे, कारण मांजर झोपेतून उठलं की पहिल्यांदा अंग ताणतं आणि लगेच नखं लावतं. आणि त्या जागेला त्याचा वास असतो.

यातलं एकेक खरं आहे. मांजराच्या पंज्यात गंधग्रंथी असतात. ओरबाडताना ते खुणेच्या रेघाही ओढतं आणि स्वतःचा वासही ठेवतं. म्हणून सोफ्याचा तोच एक कोपरा ते पुन्हा पुन्हा धरतं, आणि म्हणून गॅलरीत धुण्याच्या बादलीमागे ठेवलेला खांब ते ढुंकूनही बघत नाही. खांब किमान अडीच-तीन फूट उंच हवा, बूड जड हवं, आणि तो त्याने निवडलेल्या कोपऱ्याला खेटून ठेवायला हवा. महिन्याभरात सवय लागली की मग हळूहळू बाजूला सरकवता येतो. ओरडून, पाणी उडवून काही साधत नाही. मांजर तुमच्यादेखत ओरबाडायचं थांबतं, एवढंच.

आत्याने वखारीतून फणसाच्या लाकडाचा एक तुकडा मिळवला. जाड फळीवर ठोकून तो उभा केला आणि त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. भोपळ्याने दोन दिवस नुसता वास घेतला, तिसऱ्या दिवशी सकाळी तो त्याला भिडला. नंतर दोरीच्या पिळात मला नखाचं एक टरफल सापडलं. अर्धपारदर्शक, आतून पोकळ, टोकाशी बाकदार. लोक ते बघून घाबरतात, मांजराचं नख उपटलं म्हणून फोन करतात. ते टरफल दिसलं तर आनंद मानायचा, खांबाचं काम चाललंय.

आत्या : बघ. कात्री लागली का?

मी : भोपळ्याला कमी लागेल आता. पण चिंगीचं काय?

चिंगीचा विषय मी मुद्दाम काढला होता. ती घरात आली त्या रात्रीपासून मला तिच्या चालण्याचा आवाज येत होता. फरशीवर टक, टक. निरोगी मांजराची चाल ऐकू येत नाही, कारण नख आत असणं ही त्याची आरामाची स्थिती आहे. लवचीक बंधांनी ते आत धरून ठेवलेलं असतं आणि बाहेर काढायला मांजराला स्नायू आवळावा लागतो. वय झालं की ही यंत्रणा ढिली पडते. नख जाड होतं, थर सुटत नाहीत, आणि सांधे दुखत असल्यामुळे मांजर ओरबाडायचंही सोडतं. बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसते. ती लंगडतातच असं नाही. ओट्यावर उडी मारणं बंद होतं आणि घरचे म्हणतात, शहाणी झाली.

मी चिंगीचा पुढचा उजवा पाय हातात घेतला. मांजराला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी १८ नखं. पुढच्या पायाचं पाचवं, अंगठ्याचं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून ते सर्वांत कमी झिजतं. चिंगीचं ते नख गोल वळून पंज्याच्या गादीत शिरलं होतं. भोवतीचे केस ओले, चिकट होते आणि त्यांना वास येत होता. तिने पाय ओढून घेतला, पण ओरडली नाही. नख मध्ये कापून आत रुतलेला तुकडा चिमट्याने ओढला. तो जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा होता, मागोमाग पू आला. जखम सलाइनने धुतली, प्रतिजैविक सुरू केलं.

आत्या : हे कधीपासून असेल?

मी : काही आठवडे तरी.

आत्या : ती जेवत होती. माझ्या मांडीवर बसत होती. एवढं रुतलेलं असून सांगितलं नाही गो तिने.

मी : मांजर सांगत नाहीच. म्हणून तर हात लावून बघायचं. मी कात्रीची बाजू घेते ती एवढ्यासाठीच. कापणं दोन मिनिटांचं असतं, पण त्या निमित्ताने दोन-तीन आठवड्यांनी एकदा पंजा माणसाच्या हातात येतो. बोटांच्या मध्ये काय आहे, गादी चिरलीय का, एखादं बोट गरम लागतंय का, ते कळतं.

आत्या : पण तेरा वर्षं तिने बघून घेतलं, हे तू नाकारू नकोस.

मी : नाकारत नाही. आता तिला होत नाही, एवढंच म्हणते.

आत्या : दुखत असेल. माझ्याकडे पॅरासिटामॉल आहे, अर्धी गोळी दुधातून देऊ?

मी : नको. अर्धीसुद्धा नको. ती गोळी मांजराला विष आहे, एकाच गोळीने मांजर दगावू शकतं. आपलं यकृत जी रसायनं सहज निकामी करतं, त्यांतली काही मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. त्यासाठी लागणारी यंत्रणा त्याच्यात फार तोकडी असते. तिला दुखण्यावरचं औषध मी देते, मांजरासाठी असलेलं, तिच्या वजनाच्या मापात.

आत्या : आणि फिनेल? तेही त्यातलंच का?

हा प्रश्न तिला सुचला याचं मला फार कौतुक वाटलं, कारण तो माझ्या दवाखान्यात शिकल्यासवरल्या माणसांनाही सुचत नाही. आमच्या सोसायटीचा जिना रोज सकाळी फिनेलने पुसला जातो आणि जिन्याखाली एक कान फाटलेला बोका राहतो. आत्याला तो आल्या दिवसापासून ठाऊक. ती उरलेलं मासळीचं डोकं त्याला नेऊन देते.

मी : त्यातलंच. फिनेलमधली फिनॉलं, आणि पाण्यात टाकल्यावर दुधी होतं ते अँटिसेप्टिकसुद्धा. माणूस ते पीत नाही, म्हणून त्याला वाटतं, फरशीवर टाकलं तर काय होतंय. पण मांजर त्या ओल्या फरशीवरून चालतं आणि मग तासभर बसून पंजे चाटतं. गादी भाजते, जीभ सोलवटते, तोंडातून लाळ गळते, जास्त गेलं तर यकृतावर जातं.

आत्या : आमच्याकडे शेणाने सारवायचे. आता फरशी आली तरी मी साध्या पाण्यानेच पुसते. तुम्ही स्वच्छता म्हणून जे ओतता ना, त्याने मांजराचे पाय जास्त बिघडत असतील. नख राहिलं बाजूला.

तिच्या या म्हणण्यापुढे मी हरकत घेतली नाही. नखांबद्दल विचारणारे शंभर, तर फरशीबद्दल विचारणारा एखादाच. ज्या घरात मांजर आहे तिथे थोडं साबणाचं पाणी आणि मग साधं पाणी पुरतं. फिनेल वापरायचंच असेल तर फरशी धुऊन कोरडी होईपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या फरशीवर, पत्र्यावर दुपारी त्याला सोडायचं नाही, गाद्यांना फोड येतात. गाडीखालचं ऑइल, डांबर किंवा उंदरांसाठी लावलेला गोंद पायाला लागला तर रॉकेल, टर्पेंटाइन अजिबात नाही. खायचं तेल चोळून ते सैल करायचं, मग सौम्य साबणाने धुवायचं आणि कोरडं पुसायचं.

आणि काही गोष्टी घरी निस्तरायच्या नसतात. सगळ्या पायांच्या नखांच्या मुळाशी पिवळट पू साचत असेल, गादी फुगून मऊ आणि जांभळट झाली असेल, नखाजवळचे केस गळून खपली धरली असेल तर दवाखाना गाठावा. शेवटचं लक्षण पुष्कळदा बुरशीचं, म्हणजे आपल्या गजकर्णाचं असतं आणि ते घरातल्या मुलांनाही होतं. म्हाताऱ्या मांजराची एक-दोन बोटं सुजून नख वाकडं झालं तर मी पायाबरोबर छातीचाही एक्स-रे काढते. मांजराच्या फुप्फुसातला कर्करोग कधीकधी सर्वांत आधी बोटात दिसतो. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने चिंगीची बाकीची सतरा बोटंही स्वतः चाचपून पाहिली.

एका संध्याकाळी जिन्याखालच्या बोक्याने वॉचमनच्या मुलाला बोचकारलं. मनगटावर दोन लाल रेघा, थोडं रक्त. आत्या हळदीचा डबा घेऊन खाली निघाली.

मी : हळद नको, आत्या. नळाखाली धर त्याचा हात. साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं.

आत्या : पंधरा मिनिटं? एवढ्याशा रेघेला?

मी : एवढ्याशाच रेघेला. भटक्या मांजराचं नख आहे आणि रेबीज झाल्यावर औषध नाही. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. धुवायचं आणि आजच्या आज त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं. लस लागेल. शिवाय नखांत पिसवांची विष्ठा असते, तिच्यातून एक जंतू जातो. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला आणि काखेत गाठ आली तर डॉक्टरांना मांजराने बोचकारल्याचं आठवणीने सांगायचं.

आत्याने हळदीचा डबा ठेवला आणि मुलाचा हात स्वतः नळाखाली धरून बसली. पोराला आणि त्याच्या आईला दवाखान्यातही तिनेच नेलं.

छप्पर पुरं झाल्याचा निरोप आला तेव्हा चिंगीची जखम भरली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी आत्याने मला नखं कापून दाखवायला सांगितली. तिला कापायची आहेत म्हणून नव्हे, बघायची आहेत म्हणून, हे तिने दोनदा बजावलं.

मी : मांजर जेवून सुस्तावलं की बसायचं. तिला मांडीवर घे, तोंड तुझ्यापासून पलीकडे. धरून ठेवायचं नाही, नुसता हात पाठीवर. आता एक बोट घे. वर अंगठा, खाली तर्जनी, आणि हलकेच दाब.

आत्या : आलं बाहेर.

मी : उजेडाकडे धर. आत गुलाबी दिसतंय ना, तिथे रक्त आहे, शीर आहे. त्याला लागता कामा नये. पुढचं पांढरं, बाकदार टोक तेवढं आपलं. गुलाबीपासून दोन मिलिमीटर अंतर राखून कापायचं. आपलं नेलकटर घेऊ नकोस, मांजराचं नख बाजूंनी चपटं असतं, ते चिरडून फाटतं. ही छोटी कात्री घेऊन जा. चुकून रक्त आलंच तर कापूस दाबून धरायचा, मक्याचं पीठ लावायचं. आणि सगळी नखं एका बैठकीत झालीच पाहिजेत असं नाही. तिने पाय ओढला की सोडून द्यायचं, चार आज, चार परवा.

आत्या : ओढला तर सोडायचा, हे बरं सांगितलंस. इकडे मी बघितलं, लोक टॉवेलात गुंडाळून करतात.

मी : काहींना गुंडाळावं लागतं. लहानपणापासून कोणी पायाला हात लावलेला नसतो ना. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना रोज त्याचे पंजे हातात घेतले, तर पुढे आयुष्यभर ते देतं. तुझ्या वाडीत या पावसाळ्यात पिल्लं झाली तर एवढं कर.

आत्या : करीन. पण पिल्लांची नखं कापणार नाही. त्यांना माडावर चढायचं असतं, कुत्र्यापासून सुटायचं असतं.

मी : कापूच नकोस. बाहेर राहणाऱ्या मांजराची नखं मीही कापत नाही, एखादं रुतलं असेल तर तेवढंच. मांजर झाडावर चढतं ते नखाच्या बाकावर, नख मागे वळलेलं असतं म्हणून. उतरताना तोच बाक उलटा पडतो, म्हणून ते वर अडकून ओरडत बसतं.

आत्या : आणि उतरतं ते पाठमोरं. आमची जुनी मांजर मनी तशीच उतरायची. आम्ही शिडी लावेपर्यंत खाली आलेली असायची.

चिंगीचं दुसऱ्या पायाचं अंगठ्याचं नख आत्याने स्वतःच कापलं. बाकीच्यांना हात लावला नाही, ती अजून तिच्या कामाची आहेत म्हणाली. मी पाहिलं, मागच्या पायांची खरोखरच ठीक होती.

आत्या : आता जिन्याखालच्या बोक्याचं सांग. मी गेल्यावर त्याला पकडून कापशील?

मी : नाही.

आत्या : मग त्याच्यासाठी काय करशील?

मी : सोसायटीच्या मीटिंगमध्ये फिनेलचं बोलेन. आणि पिंजरा लावून एकदा दवाखान्यात आणेन, रेबीजची लस देऊन नसबंदी करून परत जिन्याखाली सोडेन.

आत्या : आणलास की पंजे उघडून बघ त्याचे. मागचा डावा टेकताना उचलतो तो.